सनद, नाव आणि कर्ज

पुण्याहून दादाचा फोन आला की हल्ली एकच विषय असतो: पुतणीनं वकिली शिकायला पुण्यातल्याच आयएलएस लॉ कॉलेजला जायचं की बाहेरगावच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात? दादा नावाकडे झुकतो, वहिनी फीकडे. इकडे न्यू जर्सीत माझी लेक त्याच पेचात आहे, फक्त आकडे डॉलरमध्ये.

"तुमच्याकडे काय बघतात?" दादानं विचारलं. नावच बघतात की! येल आणि हार्वर्डची लॉ स्कूलं २०२२ मध्ये 'यूएस न्यूज'च्या क्रमवारीतून बाहेर पडली, तरी क्रमवारी काही थांबली नाही. पण इथे अमेरिकन बार असोसिएशनची, म्हणजे वकिलांच्या संघटनेची, मान्यता हवी तर कॉलेजला बारच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, परीक्षेचा निकाल जाहीर करावाच लागतो. परीक्षेला बसलेल्यांपैकी निदान ७५ टक्के तरी दोन वर्षांत पास झाले नाहीत, तर मान्यता धोक्यात.

नुसती टक्केवारी मात्र फसवते. कॅलिफोर्नियाचा पेपर कठीण म्हणून प्रसिद्ध, आणि विस्कॉन्सिनच्या दोन लॉ स्कूलांतून पदवी घेतली तर तिथे परीक्षाच द्यावी लागत नाही. म्हणून मी कॉलेजचा निकाल त्याच राज्याच्या सरासरीशेजारी ठेवून बघते. खरी मेख शिष्यवृत्तीत असते. पहिल्या वर्षी अमुक ग्रेड टिकवली तरच पुढे पैसे, आणि ग्रेड तर वर्गातल्या बाकीच्यांशी तुलना करून लावतात! मेहनत करूनही कुणीतरी खाली राहणारच. किती जणांची शिष्यवृत्ती अशी गेली, तेही कॉलेजला छापावं लागतं. लेकीला मी तो रकाना आधी वाचायला लावला.

नामवंत खासगी कॉलेजात नुसती शिकवणीची फी वर्षाला ७० हजार डॉलरच्या वर, अशी तीन वर्षं. शिवाय जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजारांपर्यंतच. माझं मत राज्य विद्यापीठाकडे आहे. लेकीचं अजून ठरत नाही.

दादाला मी उलट विचारलं, "तिथली किती मुलं पहिल्या फटक्यात एआयबीई, म्हणजे आपल्याकडची बारची परीक्षा, पास होतात?"

"ते कोण विचारतं?"

कुणीच विचारत नाही. वकिलीची तात्पुरती सनद बहुतेकांना आधी मिळते, परीक्षा मागून होते, तोवर कॉलेज हात झटकून मोकळं. पण दादाकडे एक सोय आहे जी माझ्याकडे नाही: पुण्यातलं कॉलेज चुकलंच, तरी घर गहाण पडणार नाही.

लेकीच्या फीची बेरीज सांगितली तेव्हा फोनवर जरा शांतता पसरली. मग म्हणाला, "अगं, एवढ्यात कोथरूडला फ्लॅट येईल."