वरवरचं काम

परवा लग्नात मावशीने गाठलंच, "बाळा, तू नक्की करतेस काय गं?" म्हटलं, शरीरात स्टेंट, गुडघा, दाताचा स्क्रू वगैरे बसवतात ना, त्याच्या सगळ्यात वरच्या थराचा अभ्यास. "म्हणजे वरवरचंच काम की!" आणि ती पंगतीला गेली.

हसले, पण खरंच आहे ते. आमचं एक्सपीएस मशीन (एक्स-रे मारून पृष्ठभागावर कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगणारं) फार तर १० नॅनोमीटर खोल बघतं, आणि रक्ताला तरी त्याहून जास्त कुठे दिसतं? वस्तू आत गेली की काही सेकंदांत प्रोटीन चिकटतात, पेशींची गाठ पडते ती त्या प्रोटीनशी, आणि कातडीखालची वस्तू असेल तर काही आठवड्यांत शरीर तिच्याभोवती कोलॅजनची, म्हणजे धाग्यासारख्या प्रोटीनची, पिशवी विणून तिला चक्क वाळीत टाकतं.

या वाळीत टाकण्यावर अमेरिकेतल्या सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या बडी रॅटनर यांनी आयुष्य घातलं. मूळचे ब्रुकलिनचे, १९७२ला पॉलिमरमध्ये पीएचडी, मग सिएटल ते सिएटलच. गाव पण कसलं, तर तिथेच १९६०मध्ये डॉ. स्क्रिबनरनी क्लाइड शील्ड्स नावाच्या पेशंटच्या हातात टेफ्लॉनची नळी बसवली, म्हणजे दर डायलिसिसला नवीन शीर कापायला नको, आणि तो माणूस पुढे ११ वर्षं जगला. टेफ्लॉनला रक्त कमी चिकटतं, बास, एवढ्या वरवरच्या गोष्टीवर!

रॅटनर यांची मला आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. वर्षानुवर्षं पृष्ठभागाची केमिस्ट्री मोजली आणि लक्षात काय आलं, तर मटेरियल कुठलंही घ्या, पिशवी साधारण तीच. मग त्यांच्या लॅबने त्याच मटेरियलला ३०-४० मायक्रॉनची एकसारखी भोकं पाडून बघितली तर पिशवी पातळ, आत रक्तवाहिन्या. आता सांगा, हे कळायला किती वर्षं एकाच प्रश्नाला चिकटून बसावं लागलं असेल? आणि इथे माझ्या प्रोजेक्टची मुदत ३ वर्षं, त्यातलं पहिलं वर्ष पैसे यायची वाट बघण्यात, आणि दुसऱ्या वर्षी रिव्ह्यूला विचारतात "प्रॉडक्ट कुठेय?"

त्यात गेल्या महिन्यात कुणीतरी माझं सँपल ग्लोव्हज न घालता उचललं. डोळ्यांना काही दिसत नाही हो, मशीनच्या आलेखात, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये मात्र कार्बनचा हा भलामोठा उंचवटा, बोटाचं तेल! सगळं परत धुवायचं, आणि मशीनचा पुढचा स्लॉट मिळालाय रविवारी पहाटे ४ला.