थापांवर चाललेलं यंत्र

सुरुवात झाली ती एका प्रवासवर्णनाच्या दुसऱ्या खंडावरून. पहिला खंड माझ्या कपाटात आहे, दुसरा नाही. तो ज्याच्याकडे असणार याची मला पक्की खात्री होती, त्या मित्राला मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मी नेलाच नाही. पुरावा आहे काही?"

पुरावा होता, तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

2003 ते 2008 या काळात मी पुस्तकांची नोंद संगणकावर ठेवत असे. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम सीडीवर विकत आणला होता. कोणतं पुस्तक कुणी नेलं, कधी नेलं, परत कधी आलं, सगळ्याला रकाने. पुस्तकांच्या पाठीवर अनुक्रमांकाच्या चिठ्ठ्याही चिकटवल्या होत्या. पुढे उत्साह ओसरला, चिठ्ठ्या गळाल्या, पण नोंदींचा फोल्डर काही मी टाकला नाही. संगणक बदलला की तो जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर जायचा. 'जुनं' नावाच्या फोल्डरात 'जुनं 2', त्याच्या पोटात 'जुनं सगळं' आणि त्याच्या तळाशी तो. उघडला, फाइलवर दोन टिचक्या मारल्या. विंडोज 11ने विचारलं, ही कशात उघडू? मला ते माहीत असतं तर त्याला कशाला विचारलं असतं?

म्हणजे मूळ प्रोग्राम हवा. सीडी सापडली, पण लॅपटॉपला सीडीची खाच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह माझ्या ओळखीत एकाच माणसाकडे आहे. त्याच मित्राकडे. मी कशासाठी हवाय ते न सांगता मागितला, त्याने न विचारता दिला. देताना फक्त एवढंच म्हणाला, "हा परत कर." 'हा'वर जरा जास्तच जोर होता.

सीडी फिरली, सेटअपवर टिचकी मारली आणि खिडकी आली: हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. वाचून कळलं ते असं. प्रोग्राम 32 बिटचा होता, पण त्याला बसवून देणारा सेटअप होता 16 बिटचा. (बिट म्हणजे प्रोसेसर एका वेळी केवढा घास घेतो, त्याचं माप.) त्या काळी असं बऱ्याच सीड्यांवर असे. 64 बिटच्या विंडोजमध्ये 16 बिटचं काही चालवायची सोयच नाही, आणि विंडोज 11 निघालंच फक्त 64 बिटमध्ये. मग मी सेटअपला बाजूला सारून सीडीवरच्या फाइली हातानेच उचलून ठेवल्या. प्रोग्राम उठला, एक फाइल सापडत नाही म्हणाला. ती दिली, तर दुसरी मागितली. सातव्या फाइलीला मी हात टेकले.

'कम्पॅटिबिलिटी'चा टॅब असतो, तोही करून पाहिला. हा टॅब म्हणजे प्रोग्रामच्या कानात सांगायची थाप असते: बाबा रे, तू विंडोज एक्सपीवरच आहेस. पण ही थाप ऐकायला प्रोग्राम मुळात उठला तर पाहिजे.

मुलगी मागून जाता जाता म्हणाली, "बाबा, तू व्हर्च्युअल मशीन का नाही टाकत?" आणि निघून गेली. तिच्या पिढीची ही पद्धतच आहे. चार शब्दांत तीन दिवसांचं काम नेमून देतात.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, हे आता मी कुणालाही सांगू शकतो, आणि कुणी विचारत नाही. नव्या संगणकात एक प्रोग्राम बसवायचा. तो एका जुन्या संगणकाचं सोंग आणतो. त्याच्या आत जुनी प्रणाली बसवायची. बाहेरच्या प्रणालीला म्हणायचं यजमान, आतलीला पाहुणा. गंमत अशी की आपण पाहुणे आहोत हे पाहुण्याला ठाऊकच नसतं. त्याला वाटतं घर आपलंच. मेमरी दाखवली जाते ती त्याला स्वतःची वाटते. डिस्क म्हणून दाखवतात ती खरं तर यजमानाकडची एक फाइल असते. सीडी म्हणून जे पुढे येतं तीसुद्धा फाइलच. एका थापेवर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि या सगळ्या उतरंडीच्या वर माझा पुस्तकांचा प्रोग्राम.

ही युक्ती काही आजची नाही. आयबीएमच्या लोकांनी 1960च्या दशकात एकाच अवाढव्य यंत्राकडून अनेक यंत्रांची सोंगं वठवून घेतली आणि 1972मध्ये व्हीएम/370 या नावाने ती बाजारातही आणली. प्रत्येक वापरणाऱ्याला वाटे, हे एवढं मोठं धूड माझ्या एकट्याचं. आपल्या टेबलावरच्या यंत्रांचे प्रोसेसर मात्र अशा सोंगासाठी बनवलेलेच नव्हते. 1999मध्ये व्हीएमवेअर या कंपनीने ते निव्वळ सॉफ्टवेअरच्या जोरावर जमवलं आणि 2005-06मध्ये इंटेल आणि एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांनी थापा मारण्याची सोय थेट प्रोसेसरमध्येच करून दिली. म्हणजे एका खंडासाठी मी जे आरंभलं होतं, त्यामागे चाळीस वर्षांची अक्कल उभी होती. माझी कुठे उभी होती हा वेगळा प्रश्न.

असं सोंग आणणारा व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्राम मी उतरवून घेतला आणि पहिल्याच पायरीला घोडं पेंड खाऊ लागलं. प्रोसेसरमधली ती सोय माझ्या यंत्रात बंद होती. ती चालू करायची बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या सेटिंगांच्या पडद्यावर, आणि बायोसमध्ये शिरायचं तर संगणक सुरू होताना एक विशिष्ट बटण दाबायचं. हल्लीचे संगणक इतक्या झटपट सुरू होतात की बटण दाबेपर्यंत लॉगिनची खिडकी हजर. पाच वेळा चुकलो. सहाव्या वेळी आधीपासूनच एफ-2वर बोट आपटत बसलो, तेव्हा शिरलो. आत 'व्हर्च्युअलायझेशन' असा शब्दच कुठे नव्हता. एएमडीच्या यंत्रात त्याला 'एसव्हीएम मोड' म्हणतात, हे दुसऱ्या दिवशी समजलं. पहिला दिवस मी त्या ओळीवरून वरखाली फिरण्यात घालवला.

चालू झाल्याच्या आनंदात मी एक आगाऊपणा केला. विंडोजमधली जास्तीची वैशिष्ट्यं चालू-बंद करायची जी यादी असते, तिच्यात नावात 'व्हर्च्युअल' दिसेल तिथे खूण करत सुटलो. जास्त व्हर्च्युअल तेवढं बरं, असा माझा हिशोब. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज एक्सपीसाठी नवं यंत्र मांडायला घेतलं. मी मूळचाच उदार. पाहुण्याला आठ जीबी मेमरी द्यायला निघालो. 32 बिटच्या एक्सपीला चार जीबीच्या पुढचं दिसतच नाही. 512 एमबी म्हणजे त्याच्या दृष्टीने चैन. डिस्कही नव्या पद्धतीची, साटाची जोडली. कोऱ्या यंत्रात एक्सपीची सीडी घातली, निळा पडदा आला, पांढरी अक्षरं उमटली आणि एक्सपी म्हणाला, तुमच्या संगणकात हार्ड डिस्कच नाही. बरोबरच आहे. साटाचा ड्रायव्हर, म्हणजे तसली डिस्क ओळखून चालवणारा छोटा प्रोग्राम, त्याच्या सामानात नव्हता. त्याला आयडीई या जुन्या जोडणीची सवय. डिस्क काढून आयडीईला जोडली, तेव्हा लगेच दिसली. जुन्या माणसाला जुन्या नावाने हाक मारावी लागते.

मग ती ओळखीची पाटी आली: अंदाजे 39 मिनिटं बाकी. तो आकडा पाहून मला वीस वर्षं कमी झाल्यासारखं वाटलं. आकडा 34वर आला आणि तिथेच बसला. मी जेवून आलो, आकडा तिथेच. खिडकीच्या तळाशी बारीक चिन्हांची एक ओळ असते, तिच्यात मला एक हिरवं कासव दिसलं. आधी वाटलं सजावट असेल. सजावट नव्हती. यजमान विंडोजने प्रोसेसरची ती सोय आधीच स्वतःकडे घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत रांगत काम करावं लागतंय, हे सांगायला ते कासव येतं. कालच्या माझ्या खुणांचं फळ. एका म्यानात दोन तलवारी घातल्या होत्या मी. गेलो, सगळ्या खुणा काढल्या, यंत्र पुन्हा सुरू केलं. कासव गेलं. मध्येच एक्सपीने पंचवीस अक्षरांची किल्ली मागितली. जुन्या सीडीच्या पाकिटावर ती इतक्या बारीक टाइपात होती की बी कुठला आणि आठ कुठला हे भिंगातूनही ठरेना. तीन ठिकाणी शंका, म्हणजे आठ शक्यता. सहावी लागली. तेवढं सोडलं तर उरलेली 34 मिनिटं पाच-सहा मिनिटांत संपली.

पण कासवापेक्षा उंदराने जास्त छळलं. पाहुण्याच्या खिडकीत टिचकी मारली की माउसचा बाण आत शिरतो आणि बाहेरच येत नाही. बाहेर यायला उजवं कंट्रोल दाबा, असं लिहिलेलं असतं. माझ्या लॅपटॉपला उजवं कंट्रोल नाही. त्या जागी नव्या जमान्याचं, कृत्रिम बुद्धिमत्तेला हाक मारायचं बटण आहे. तर 2001च्या एक्सपीच्या खिडकीत माझा बाण अडकलेला, आणि सुटकेचं बटण काळाच्या ओघात गेलेलं. मी बाण चारही कडांवर आपटून पाहिला. शेवटी कंट्रोल, आल्ट, डिलीट ही तिन्ही एकदम दाबली आणि बाहेर पडलो. पडल्या पडल्या पहिलं काम केलं ते सुटकेचं बटण बदलण्याचं.

नोंदींचा फोल्डर आत न्यायला त्याचीच एक खोटी सीडी बनवली. नेटवर्कची तार मुद्दाम तोडून ठेवली, कारण एक्सपीची देखभाल 8 एप्रिल 2014 रोजी थांबली आणि इतकी वर्षं दार उघडं असलेल्या घरातून रस्त्यावर जाऊ नये, एवढं मलाही कळतं. सेटअप चालला. एकदाही कुरकुर न करता. प्रोग्राम उठला, तोच राखाडी, तीच पिवळी पुस्तकाची खूण. माझं स्वागत असो, असं म्हणाला. माझं नाव त्याच्या लक्षात होतं.

आता इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मेमरी, डिस्क, सीडी, सगळ्याबाबतीत पाहुण्याला थापा मारणारं ते यंत्र एका बाबतीत मात्र खरं बोलतं. तारीख ते यजमानाकडून घेतं. आणि मी 2003मध्ये पुस्तक परत करायची मुदत ठेवली होती पंधरा दिवसांची.

प्रोग्राम जागा झाला, त्याने तारीख पाहिली आणि त्याचं डोकंच फिरलं. टुंग आवाज करून एक खिडकी आली: अमुक पुस्तक, अमुक व्यक्ती, मुदत उलटून झालेले दिवस... दिवसांच्या रकान्यात तीनच आकडे मावत होते, त्यामुळे तिथे नुसती तीन फुल्यांची ओळ. ओके दाबलं. टुंग. दुसरं पुस्तक. ओके. टुंग. अशा 63 खिडक्या. घर सोडून गेलेले शेजारी आले, एका जुन्या कचेरीतले साहेब आले, ज्यांच्याशी बोलणं बंद आहे ते आले आणि ते का बंद आहे हेही त्यानिमित्ताने उमगलं. सात पुस्तकं बायकोच्या नावावर निघाली. एकाच घरात, एकाच कपाटातून नेलेली. ही नोंद करणारा माणूस मीच होतो का, अशी शंका यायला लागली. "हे टुंग टुंग काय चाललंय?" तिने आतून विचारलं. तिला नेमकं काय चाललंय ते मी सांगितलं नाही.

खिडक्या संपल्या. फाइलच्या मेन्यूत सहज डोकावलो, तर तिथे 'टेक्स्ट फाइल म्हणून साठवा' अशी ओळ होती. 2008मध्ये तिच्यावर एक टिचकी मारली असती तर आज हे काहीच करावं लागलं नसतं. मेन्यू बंद केला.

आता पुरावा. पाहुण्याच्या पडद्यावरचं चित्र बाहेर कसं आणायचं हे शोधायचं त्राण आता अंगात नव्हतं. म्हणून मी फोनचा कॅमेराच पडद्यासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने पुस्तकाचा क्रमांक टाकला. 214. नोंद उघडली. मित्राचं नाव, आडनावासकट. नेलं: 14/11/2006. मी मोठ्याने "सापडला!" म्हणालो. मग पुढचा रकाना वाचला. परत आलं: 02/03/2007.

त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. नेलं: 22/07/2007. नेणाऱ्याचं नाव: स. परत आल्याचा रकाना रिकामा. नुसता स. आडनाव नाही, काही नाही. तोवर माझा उत्साह एका अक्षरावर आला होता तर. माझ्या ओळखीत स पुष्कळ आहेत, आणि बायकोचं नावही 'स'वरूनच सुरू होतं.

मी फोन खाली ठेवला, तेवढ्यात तो वाजला. मित्रच.

"काय, मिळाला का पुरावा?"

"अरे, फार जुनं प्रकरण आहे ते," मी म्हणालो. "नव्या संगणकावर चालतच नाही. खटपट चालू आहे. तुझा ड्राइव्ह अजून आठवडाभर लागेल."

"राहू दे की," तो म्हणाला. "काही घाई नाही. मी वहीत लिहून ठेवलंय."