सायकलवरून आलेला ‘खरा इतिहास’

गेल्या गुरुवारी रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर डोंबिवलीच्या चुलतभावाने एक लांबलचक मजकूर टाकला. ‘सावंतवाडी-बांद्याकडच्या समाजवाद्यांचा खरा इतिहास, जो तुम्हाला कोणी सांगणार नाही.’ सात मुद्दे, मध्येमध्ये लाल अक्षरं, शेवटी जास्तीत जास्त लोकांना पाठवण्याची विनंती. असले मजकूर मी न वाचताच पुसतो. पण हा आत्येपर्यंत गेला. आत्ये ८३ वर्षांची, डोळ्यांत मोतीबिंदू. नातवाने तिला तो मोठ्याने वाचून दाखवला. शुक्रवारी सकाळी सात वाजता तिचा फोन आला, “मगे आमी बघला ता काय होता रे?”

तर भावा, हे उत्तर तुला. तू लिहिलेलं नाहीस, नुसतं पुढे ढकललंस, हे मला ठाऊक आहे. पण ज्याने लिहिलं तो माझ्या ग्रुपवर नाही, तू आहेस.

सुरुवात चित्रापासून करू. मजकुराच्या माथ्यावर सायकल छापली आहे. सायकल मुलायमसिंहांच्या समाजवादी पक्षाची, आणि तो पक्ष निघाला १९९२ साली, लखनौला. आपल्या आजोबांनी ज्या पक्षासाठी वर्गणी मागितली तो प्रजासमाजवादी, त्याची निशाणी झोपडी. खाली लिहिलंय, ‘सिंधुदुर्ग जिल्हा शाखा, स्थापना १९५२’. सिंधुदुर्ग जिल्हाच मुळी १ मे १९८१ ला झाला! ५२ साली आपण रत्नागिरी जिल्ह्यात होतो आणि राज्य मुंबई होतं. ज्याला एवढंही तपासावंसं वाटलं नाही, तो पुढे सहा मुद्दे काय तपासून लिहिणार?

आता तिसरा मुद्दा, ज्याच्यामुळे आत्येला रात्रभर झोप लागली नाही. तो जसाच्या तसा देतो: ‘गोवा सत्याग्रह म्हणजे पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांची सहल. सीमेवर जाऊन फोटो काढले आणि परत आले. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.’

सहल. मे १९५५ मध्ये समाजवादी पुढारी ना. ग. गोरे पहिली मोठी तुकडी घेऊन पोर्तुगीज हद्दीत शिरले, तेव्हा त्यांच्याबरोबर सेनापती बापट होते, वय ७४. या वयात माणसं सहलीला काशीला जातात, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या पोलिसांच्या दंडुक्याखाली नाही. गोऱ्यांना गोव्यात तुरुंगात टाकलं, ते सुटले १९५७ मध्ये. जुलैमध्ये मधू लिमये गेले. त्यांना आधी बेदम मारलं, मग १२ वर्षांची सजा ठोठावली. मधू दंडवतेही तुकडी घेऊन गेले होते. आणि १५ ऑगस्टला तर ठिकठिकाणाहून हजारो माणसं निःशस्त्र आत घुसली आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या एका दिवसात वीसहून जास्त माणसं मेली. आपल्या बांद्याच्या वाटेवर, पत्रादेवीला, मध्य प्रदेशातल्या सहोद्राबाई राय यांना हातात झेंडा असताना गोळ्या लागल्या, आणि त्यांच्याकडे धावलेला पंजाबचा कर्नैलसिंग तिथेच पडला. त्या जागी हुतात्मा स्मारक आहे. गोव्याला जाताना तू दरवर्षी त्याच्या जवळून जातोस.

आत्ये तेव्हा तेरा वर्षांची. तिच्या आठवणीत घोषणा नाहीत, चिखल आहे. आदल्या रात्री मांगरात (शेतातल्या खोपटात), पडवीत, जागा मिळेल तिथे माणसं झोपली होती. पावसाने भिजलेली, बोली कळत नसलेली. आजीने दोन मोठ्या टोपांतून उकड्या तांदळाची पेज केली, तोंडी लावायला लोणच्याची फोड. त्यातल्या एका माणसाला पेज कशी प्यायची कळेना, तो हाताने शितं वेचून खात बसला आणि या पोरी फिदीफिदी हसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर माणसं परत येऊ लागली ती खांद्यावरून, घोंगडीच्या झोळीतून. तो शितं वेचणारा परतलेल्यांत होता की नाही, हे ती त्या संध्याकाळपासून विचारतेय. त्याचं नाव तिला माहीत नाही. आपल्याकडची ‘शाखा’ म्हणजे हेच होतं: कोणाच्या मांगरात किती माणसं, तांदूळ कोणाकडून, कंदिलात रॉकेल आहे का, वाट दाखवायला कोण जाणार. याचा फोटो कोणी काढला असता तर बरं झालं असतं. आज तुझ्या तोंडावर मारता आला असता.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, राग गिळून. गोव्याचं आंदोलन एकट्या समाजवाद्यांचं नव्हतं. कम्युनिस्ट होते, जनसंघाचे जगन्नाथराव जोशी होते, आणि सगळ्यांत आधी खुद्द गोवेकर होते. आपले काही जुने कार्यकर्ते बाकीच्यांचं नाव घ्यायला विसरत, हे मी लहानपणी ऐकलंय. आणि शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये गोवा सैन्यानेच मोकळा केला, तेही खरं. पण म्हणून ५५ साली मेलेली माणसं सहलीला गेली होती असं होत नाही.

चौथा मुद्दा, आपले जुने खासदार नाथ पै यांच्यावर: ‘नाथ पै बाहेरून लादलेले, कोकणाशी संबंध नाही.’ वेंगुर्ल्यात जन्मलेला माणूस कोकणाबाहेरचा कसा, हे लिहिणाऱ्याने समजावून सांगावं. बेळगावात वाढले, विलायतेला शिकले, हो. तसं पाहिलं तर तूही डोंबिवलीचा.

पाचवा: ‘लोकांनी यांना कधीच मतं दिली नाहीत.’ यावर वाद घालायचं कारणच नाही, निवडणूक आयोगाचे जुने निकाल कोणालाही बघता येतात. राजापूर मतदारसंघ (आपण त्यातच होतो): १९५७, १९६२, १९६७ नाथ पै. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले, दोन महिन्यांत निवडणूक आली. इंदिराबाईंची लाट अशी की महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसच्या. राजापुरातून निवडून आले दंडवते. पुढे १९७७, १९८०, १९८४, १९८९, दरवेळी तेच. चौऱ्याऐंशीत इंदिराबाईंच्या हत्येनंतर काँग्रेसने ४८ पैकी ४३ जागा घेतल्या, तेव्हासुद्धा. चौतीस वर्षं लोकांनी ‘कधीच मतं दिली नाहीत’.

सहावा, आणीबाणीत सगळे माफी मागून सुटले म्हणे. दंडवते बंगलोरच्या तुरुंगात अठरा महिने होते आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. पुढे.

सातवा कोकण रेल्वेचा. ‘यात समाजवाद्यांचा एका रुळाचाही वाटा नाही.’ अर्धं सत्य यात आहे: स्वप्न आधी अ. ब. वालावलकरांनी पाहिलं आणि बोगदे इंजिनियर श्रीधरन यांच्या माणसांनी खणले. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं जुलै १९९० मध्ये. त्या वेळी रेल्वेमंत्री कोण? जॉर्ज फर्नांडिस. अर्थमंत्री कोण? मधू दंडवते. दोघेही कुठल्या मुशीतले, ते तूच लिही. गणपतीला तुतारी एक्सप्रेसने येतोस तेव्हा खिडकीतून बघत विचार कर.

राहिला दुसरा मुद्दा, तो मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो खरा आहे. ‘हे लोक सारखे फुटले.’ फुटले. ५५ ला लोहिया वेगळे झाले, ६४ ला एकत्र आले, ६५ ला परत फुटले, ७१ ला पुन्हा जुळले, ७७ ला जनता पक्षात विरघळले. दर फुटीला इथे पाटी रंगवावी लागे. आजोबा म्हणत, पक्षापेक्षा पेंटरच जास्त कमावतो. १९९१ ला दंडवते हरले, नंतर पाटी रंगवायला कोणी उरलं नाही. पोरं मुंबईला, मुंबईतली पोरं सेनेत. यात तुझ्या मजकुराने नवीन काही सांगितलेलं नाही.

येत्या रविवारी आत्येला पत्रादेवीला घेऊन जातोय. बांद्याहून गाडीने दहा-पंधरा मिनिटं. तिला तिथली नावं वाचून दाखवायची आहेत. तू चतुर्थीची सुट्टी लावून आलायस असं काकी म्हणाली. गाडीत एक जागा रिकामी आहे.