‘संपला तो, लिहून ठेव’

मला आता खरंच वैताग आलाय. पहाटे तीनपर्यंत जागून टेनिसच्या २०२५ च्या यूएस ओपनची फायनल बघितली, अल्काराझनं सिनरला चार सेटमध्ये हरवलं, काय खेळला तो पोरगा, झोप येणं शक्यच नव्हतं, आणि सकाळी फोन हातात घेतला तर फॅमिली ग्रुपवर मावसभावाचा मेसेज येऊन पडलेला. "आता पुढची दहा वर्षं हे दोघंच. बाकी कुणाला चान्स नाही. लिहून ठेव." हाच माणूस दोन दिवस आधी जोकोविच सेमीफायनल हरला तेव्हा म्हणत होता, "म्हातारा संपला, लिहून ठेव." आणि हाच माणूस गेल्या वर्षीच्या यूएस ओपनला अल्काराझ दुसऱ्याच राउंडमध्ये तीन सरळ सेटमध्ये बाहेर पडला तेव्हा म्हणत होता, "याची हवा गेली, पैसा डोक्यात गेला, लिहून ठेव."

तर मी लिहून ठेवलंय. खरंच. २०१३ पासून माझ्या फोनमध्ये एक नोट आहे, मधे तीन फोन बदलले पण नोट तीच, आणि ज्यानं ज्यानं मला "लिहून ठेव" म्हटलंय त्याचं त्याचं वाक्य तारखेसकट त्यात आहे. आज सकाळी परत सगळं वाचलं आणि डोकं फिरलं म्हणून हे लिहितोय.

पहिली नोंद जून २०१३ ची. फेडरर विम्बल्डनच्या दुसऱ्या राउंडला स्टाखोव्हस्कीकडून हरला, रँकिंगमध्ये ११६ वर असलेल्या माणसाकडून. त्याआधी सलग ३६ ग्रँड स्लॅममध्ये (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा) तो किमान क्वार्टरफायनलला पोचलेला होता, म्हणजे नऊ वर्षं, नऊ वर्षं एकदाही घसरला नाही, आणि एकदा घसरला तर आमचे एक काका म्हणाले, "मानानं रिटायर व्हावं आता यानं, कशाला अब्रू घालवतोय." नुसते काकाच नाही, सगळे हेच म्हणत होते. मी तेव्हा भांडलो होतो, आणि मला उत्तर काय मिळालं तर "तू फॅन आहेस म्हणून तुला दिसत नाही." बरं. पुढे २०१४ ते २०१६ तो ग्रँड स्लॅम जिंकला नाही हेही खरं, फायनलला जोकोविचकडून तीनदा हरला, २०१६ ला गुडघ्याचं ऑपरेशन झालं, विम्बल्डननंतर सहा महिने कोर्टवर नाही, पस्तिशी उलटलेली. काकांचा विजय झाला म्हणायचा. आणि मग जानेवारी २०१७, मेलबर्न, ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल, पाचवा सेट, समोर नदाल, १-३ नं मागे, आणि तिथून सलग पाच गेम. त्याच वर्षी एकही सेट न हरता विम्बल्डन, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ३६ व्या वर्षी परत नंबर एक. काकांना नोट दाखवली तर म्हणाले, "मी असं म्हणालोच नव्हतो."

इथेच माझी तळपायाची आग मस्तकात जाते. चुकलात तर चुकलात, कोण चुकत नाही, पण म्हणालोच नव्हतो? आणि लगेच पुढचं भविष्य सांगायला मोकळे?

नदालची नोंद २०१५ ची. फ्रेंच ओपनमध्ये जोकोविचकडून हरला, मग विम्बल्डनला डस्टिन ब्राऊनकडून दुसऱ्या राउंडला. "गुडघे गेले, असा दमवणारा खेळ तिशीनंतर चालत नाही, संपला." ऑफिसमधल्या एकानं अगदी डॉक्टरसारखं समजावलं होतं मला, चहाचा कप हातात धरून. तेव्हा नदालकडे १४ ग्रँड स्लॅम होती. थांबला तेव्हा २२. म्हणजे 'संपल्यानंतर' आठ! आठ ग्रँड स्लॅम ही अख्खी करिअर असते, अगासीची सगळी मिळून आठ आहेत. आणि २०२२ ची फ्रेंच ओपन तर तो पायाची नस इंजेक्शननं बधिर करून खेळला, पायाला संवेदनाच नाही अशा अवस्थेत सात मॅच. तो माणूस तिथे काय सोसतोय आणि आपण सोफ्यावर बसून म्हणतोय संपला.

आणि जोकोविच. जून २०१८, कोपराचं ऑपरेशन होऊन आलेला, फ्रेंच ओपनच्या क्वार्टरफायनलला चेक्किनाटोकडून हरला, जो ७२ व्या नंबरवर होता. स्वतः जोकोविच टॉप ट्वेंटीच्या बाहेर. नोटमध्ये त्या एका आठवड्यातल्या चार नोंदी आहेत, चार वेगवेगळी माणसं, वाक्य जवळपास एकच. सहा आठवड्यांच्या आत तो विम्बल्डन जिंकला. त्या दिवसापर्यंत त्याच्याकडे १२ ग्रँड स्लॅम होती, आज २४ आहेत. बरोब्बर निम्मी करिअर त्याची त्या चौघांनी श्राद्ध घातल्यानंतरची आहे.

यंदा जानेवारीचं तर मी विसरूच शकत नाही. ऑस्ट्रेलियन ओपनला जोकोविचची सेमीफायनल, झ्वेरेव्हशी. आपल्याकडे सकाळी नऊला सुरू झाली, अर्धी लोकलमध्ये बघितली, उरलेली ऑफिसच्या पँट्रीत उभं राहून. त्याआधी क्वार्टरफायनलला अल्काराझला हरवताना त्याच्या मांडीचा स्नायू फाटला होता, मांडीला पट्टी बांधून उतरला होता. पहिला सेट जवळपास दीड तास चालला, टायब्रेकला गेला, हरला, आणि त्यानं नेटपाशी जाऊन हात मिळवला. मला खेळायला जमणार नाही. आणि लोकांनी हुर्यो केली. दहा वेळा ती स्पर्धा जिंकलेल्या माणसाची, त्याच कोर्टवर! झ्वेरेव्हला माइकवर सांगावं लागलं की कृपा करून असं करू नका. माझ्या मागे उभा राहून फोनमध्ये डोकावणारा सहकारी हसत म्हणाला, "हरायला लागला की दुखतंच याला." मी वळून काहीतरी तोडून बोललो असतो पण ऑफिस होतं, गप्प बसलो. नंतर जोकोविचनं एमआरआयचा फोटोच टाकला. आणि त्यानंतर त्या ३८ वर्षांच्या माणसानं यंदाच्या उरलेल्या तिन्ही ग्रँड स्लॅमची सेमीफायनल गाठली. चारही ठिकाणी सेमीफायनल! जगातले किती खेळाडू यंदा चारही ठिकाणी तिथवर पोचले ते जरा मोजून बघा आणि मग संपला म्हणा.

पोरींच्या बाबतीत तर लोक अजून निर्दयी असतात. श्विऑन्टेकचं बघा. जूनमध्ये फ्रेंच ओपनच्या सेमीफायनलला सबालेंकाकडून शेवटचा सेट ०-६ हरली, रँकिंग आठपर्यंत खाली, वर्षभर एकही स्पर्धा जिंकलेली नाही, झालं, हिचं फक्त क्लेवरच, म्हणजे मातीच्या कोर्टवरच चालायचं, आता तेही गेलं. पाच आठवड्यांनी विम्बल्डनची फायनल, ग्रासवर, म्हणजे गवताच्या कोर्टवर, ६-० ६-०, ५७ मिनिटांत. ज्या पोरीला जूनमध्ये एक गेम मिळत नव्हता तिनं जुलैमध्ये समोरच्या पोरीला एक गेम दिला नाही. हे असं असतं टेनिस! हे कळण्याइतकं तरी बघा ना आधी.

आता दुसरी बाजू, कारण मला फक्त 'संपला' वाल्यांचा राग नाहीये, 'आता दहा वर्षं हाच' वाल्यांचा तितकाच आहे आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ती माणसं तीच असतात. नोटमध्ये फेब्रुवारी २०२१ ची नोंद आहे, ओसाकानं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हाची, "ही सेरेनाचं रेकॉर्ड मोडणार." तेविसाव्या वर्षी चार ग्रँड स्लॅम होती तिच्याकडे, असं वाटणं चूक नव्हतं. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही. थीमनं २०२० ला यूएस ओपन जिंकली, तेव्हा "आता पुढचा जमाना याचा" अशी नोंद आहे. पुढच्या वर्षी मनगट गेलं आणि गेल्या वर्षी ३१ व्या वर्षी तो बिचारा रिटायर झाला. बार्टी तर नंबर एक असताना, घरची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दोन महिन्यांत, २५ व्या वर्षी बास म्हणाली. तिचं मन भरलं. हे कुठल्या भविष्यात लिहिलं होतं?

आणि हे काही आजचं नाही हो. मॅकेन्रो १९८४ मध्ये वर्षभरात ८५ पैकी ८२ मॅच जिंकला, फक्त तीन हरला, वय २५. त्यानंतर आयुष्यात एकही सिंगल्सचं ग्रँड स्लॅम नाही. विलँडरनं १९८८ ला चारपैकी तीन ग्रँड स्लॅम जिंकली, नंबर एक झाला, वय २४, आणि त्यानंतर कधी साधी फायनलसुद्धा गाठली नाही. बोर्ग सलग पाच विम्बल्डन जिंकून सव्विशीत घरी बसला. ह्युइट विसाव्या वर्षी नंबर एक, दोन वर्षं लागोपाठ वर्षअखेर नंबर एक, आणि ग्रँड स्लॅम एकूण दोन. नियम हा आहे! राज्य टिकत नाही हाच नियम आहे, फेडरर-नदाल-जोकोविच हे अपवाद आहेत, आणि आपल्या पिढीनं वीस वर्षं फक्त अपवादच बघितले म्हणून आपल्याला तो नियम वाटायला लागलाय. त्यातही त्या तिघांचं राज्य कधी सरळ रेषेत नव्हतं, पडले, दुखापती झाल्या, दोन-दोन चार-चार वर्षं कोरडी गेली, परत आले.

मुळात वर राहणं म्हणजे काय हे कुणी समजूनच घेत नाही. रँकिंगचे पॉइंट ५२ आठवडेच टिकतात. ग्रँड स्लॅम जिंकलं की २००० पॉइंट, पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात ते २००० गेले, परत जिंका नाहीतर खाली या. बँकेत ठेवलेल्या एफडीसारखं नाहीये ते. जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत, हार्ड, क्ले, ग्रास, परत हार्ड, फ्रेंच ओपन संपली की तीन आठवड्यांत विम्बल्डन, आणि तुम्ही नंबर एक असाल तर प्रत्येक आठवड्याला समोरचा माणूस तुम्हाला हरवायलाच उतरलेला असतो, त्याला गमवायला काही नसतं. आणि फरक किती असतो? फेडररनं गेल्या वर्षी डार्टमाउथच्या पदवीदान भाषणात स्वतःच सांगितलं, १५२६ सिंगल्स मॅचपैकी जवळपास ८० टक्के जिंकलो पण पॉइंट फक्त ५४ टक्के जिंकले. चोपन्न! शंभरातले सेहेचाळीस पॉइंट तो हरत होता, फेडरर असून. २०१९ च्या विम्बल्डन फायनलला दोन चॅम्पियनशिप पॉइंट हातात, म्हणजे एक पॉइंट जिंकला की स्पर्धा खिशात, स्वतःची सर्व्हिस, एकूण पॉइंट जोकोविचपेक्षा जास्त, तरी हरला. यंदाच्या फ्रेंच ओपन फायनलला सिनरकडे तीन चॅम्पियनशिप पॉइंट होते, चौथा सेट, ५-३, अल्काराझची सर्व्हिस ०-४०. एक, फक्त एक पॉइंट इकडचा तिकडे झाला असता तर आज तुम्ही "अल्काराझ मोठ्या मॅचला कच खातो, लिहून ठेव" म्हणत असता. मला माहितेय तुम्ही म्हणाला असता!

२०१९ च्या जानेवारीत बालेवाडीला मी महाराष्ट्र ओपनची फायनल स्टँडमध्ये बसून बघितलीये, केव्हिन अँडरसन आणि कार्लोविच, तिन्ही सेट टायब्रेक. अँडरसन जगात सहावा होता, सहा महिन्यांपूर्वी विम्बल्डनची फायनल खेळून आलेला, सर्व्हिस अशी की बॉल दिसायच्या आधी मागच्या बोर्डवर आदळल्याचा आवाज यायचा. शेजारचा मित्र म्हणाला, "हा अजून चार वर्षं टॉप टेनमध्ये, लिहून ठेव." ठेवलं. त्याच वर्षी आधी कोपर, मग गुडघा, आणि २०२२ मध्ये तो रिटायर. त्या दिवशी त्याला ट्रॉफी उचलताना इतक्या जवळून बघितलेलं असल्यामुळे असेल, मला ती बातमी वाचून फार वाईट वाटलं होतं. मित्राला सांगितलं तर त्याला तो कोण हेच आठवेना.

हेच मला सहन होत नाही. मॅच बघायची नाही, सकाळी स्कोअर बघायचा आणि निकाल लावायचा. मी रात्र जागवून जे बघितलं, सिनर तिसऱ्या सेटला काय करावं न सुचून रॅकेटकडे बघत होता ते, अल्काराझनं ड्रॉप शॉट टाकायच्या आधी त्याला किती मागे ढकललं होतं ते, त्याच्याबद्दल कुणाला बोलायचंच नाहीये. धड न झोपता ऑफिसला गेलेला माणूस विचारतोय, अरे तो चौथा सेट बघितलास का, आणि समोरून येतं, दहा वर्षं, लिहून ठेव.

मावसभावाला मी उत्तर दिलं नाही. नोट उघडली, खाली आलो, टाकलं. ८ सप्टेंबर २०२५, सकाळी ७ वाजून १० मिनिटं, "आता पुढची दहा वर्षं हे दोघंच." या वेळी स्क्रीनशॉटपण काढून ठेवलाय.