आधी विचारूनही बिल कळत नाही

‘दाखल होण्यापूर्वी खर्चाची चौकशी केली, तर नंतर धक्का बसत नाही,’ हे रुग्णालयाच्या बिलांविषयीच्या तुमच्या लेखातील विधान मला अजिबात पटले नाही. वडिलांच्या शस्त्रक्रियेपूर्वी मी लेखी अंदाजपत्रक घेतले होते, आणि तरीही घरी परतल्यावर भूलतज्ज्ञांचे व प्रयोगशाळेचे बिल स्वतंत्रपणे आले, कारण त्यांची आकारणी अंदाजपत्रकात धरलेलीच नव्हती. भूल कोण देणार हे रुग्ण ठरवत नाही. मग त्या वेगळ्या बिलाविषयी त्याने आधी विचारायचे तरी कोणाला?

बाबनिहाय बिल मागून घ्यावे लागते, हा मुद्दा लेखात यायलाच हवा होता. आम्हाला प्रथम मिळालेल्या एकपानी बिलात ‘साहित्य व इतर’ या नावाखाली एकच मोठी रक्कम होती. तीन हेलपाटे घातल्यावर सविस्तर बिल हाती आले, तेव्हा एकाच दिवशीची एकच रक्ततपासणी दोनदा लावलेली दिसली आणि आईने पावतीसह परत केलेल्या इंजेक्शनांची रक्कम वजा केलेली नव्हती. दाखवून दिल्यावर दोन्ही चुका दुरुस्त झाल्या. पण रुग्णाच्या उशाशी बसलेल्या, रात्रभर जागलेल्या माणसाकडून ही तपासणी अपेक्षित धरणे मला अन्यायाचे वाटते.