तारण नाही म्हणून धाक नाही?

‘पर्सनल लोन बिनधास्त घ्या’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या सोलापुरात कारखान्यांच्या, भिशीच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: या कर्जाला तारण लागत नाही, म्हणून हप्ते थांबले तरी बँक काही करू शकत नाही. १२ टक्के फ्लॅट हे १६ टक्के रिड्युसिंगपेक्षा स्वस्तच. जामीनदार नुसता सहीपुरता. तीन वर्षं फोन उचलला नाही की कर्ज आपोआप रद्द. फारच तगादा लागला तर निम्म्यात सेटलमेंट करायची, सिबिल (कर्जफेडीची नोंद) दोन महिन्यांत साफ. आणि खाली दोन ॲपच्या लिंका.

लिंका बघितल्यावर मेसेज कुणाच्या सोयीचा आहे ते वेगळं सांगायला नको. निव्वळ थापा असत्या तर लिहायची गरजच नव्हती. पण यातलं बरंचसं अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं हप्ते थकल्यावर कळतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे हिशेब मी बघतो. मजुरीच्या दिवशी उचलीच्या चिठ्ठ्यांबरोबर कर्जाचे कागदही टेबलावर येतात, ‘जरा बघा की हे’ म्हणून. त्यामुळे हे उत्तर.

आधी व्याजाचं. जास्तीत जास्त माणसं इथंच अडकतात. समजा एक लाख रुपये, मुदत तीन वर्षं. १२ टक्के फ्लॅट म्हणजे वर्षाला १२ हजार, तीन वर्षांचे ३६ हजार. फेड १ लाख ३६ हजार, हप्ता ३,७७८ रुपये. हेच एक लाख १६ टक्क्यांनी घटत्या शिलकीवर, म्हणजे रिड्युसिंगनं, घेतले तर हप्ता येतो ३,५१६ रुपये आणि तीन वर्षांचं व्याज होतं साधारण २६,६०० रुपये. म्हणजे मेसेजमधलं ‘स्वस्त’ कर्ज ९,४०० रुपयांनी महाग पडलं.

फ्लॅटमध्ये तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या एक लाखावरच धरतात. शेवटच्या हप्त्याला तुमच्याकडे मुद्दल चार हजारसुद्धा राहिलेलं नसतं, पण त्या महिन्याचं व्याज मात्र अख्ख्या लाखावरचं, हजार रुपये. घटत्या शिलकीच्या हिशेबानं हा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. शिवाय प्रोसेसिंग फी. ती दोन टक्के असेल तर दोन हजार, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६०. हे पैसे बहुधा आधीच कापून घेतात आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर चालू राहतं. त्यात विमा जोडलेला असेल तर त्याचे वेगळेच.

हे सगळं एका आकड्यात बघायची सोय आहे, पण ती फारसं कुणी वापरत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्यांना प्रत्येक किरकोळ (रिटेल) कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात एपीआर नावाचा वार्षिक दर असतो. व्याज, फी, विमा सगळं धरून तो काढलेला असतो. दोन ठिकाणचे कागद आणा, फक्त एपीआर शेजारी शेजारी ठेवा. फ्लॅट-रिड्युसिंगचा वाद तिथंच संपतो. दर त्याच दिवशी मान्य करायची घाई नसते. एरवीच्या कर्जाला त्या कागदावरच्या अटी निदान तीन कामाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. ‘आत्ता सही करा, उद्या ऑफर संपते’ म्हणणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. तिथं स्वतःच म्हणायचं, फेडीचा पूर्ण तक्ता छापून द्या.

आणि फ्लॅटचा बापही आपल्याकडे आहे. दहा हजार म्हणायचे, हातात नऊ हजार टेकवायचे, रोज शंभर याप्रमाणे शंभर दिवस गोळा करायचे. लोक याला ‘दहा टक्के’ म्हणतात. वर्षाच्या हिशेबात हा दर ७५ टक्क्यांच्याही पुढे जातो, कारण पहिल्या दिवसापासून तुम्ही मुद्दल परत देत असता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेती सोडून इतर विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. परवाना नसणाऱ्याची तर मुळात सावकारीच बेकायदा.

आता मेसेजचं मुख्य वाक्य: तारण नाही, म्हणून बँक काही करू शकत नाही. खरं एवढंच की घराला थेट कुलूप लावायचा सरफेसी कायदा इथं लागू होत नाही. निव्वळ हप्ते थकले म्हणून पोलीस उचलूनही नेत नाहीत. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ किंवा धमकी द्यायची नाही, नातेवाइकांत बदनामी करायची नाही, हाही नियम आहे आणि तो मोडला तर तक्रार करावीच.

पण कर्ज घेताना तुम्ही काय काय सही करून दिलंय ते आठवा. खात्यातून हप्ता आपोआप जावा म्हणून एनएसीएच, काही ठिकाणी कोरे चेक. चेक परत गेला तर कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होते, हे सगळ्यांना माहीत असतं. एनएसीएच पैशाअभावी परत गेला तरी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ च्या कलम २५ खाली तशीच फौजदारी तक्रार होऊ शकते, दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची. हे मी सांगितलं की निम्म्या लोकांचे चेहरे बदलतात. दिवाणी दावा आहेच. पतसंस्थेला तर दाव्याच्या खेपाही घालाव्या लागत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि त्यावर वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. ‘बँकेपेक्षा पतसंस्था बरी, ओळखीची माणसं असतात’ असं म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं. ओळखीची माणसं असतात, आणि घरही त्यांना माहीत असतं.

जामीनदाराचं तर विचारूच नका. आमच्याकडच्या एका लूम ऑपरेटरनं साडूच्या कर्जाला जामीन राहून सही केली होती. साडूनं वर्षभर हप्ते भरले, मग गाव सोडलं. काही महिन्यांनी कारखान्याच्या पत्त्यावर पतसंस्थेचं पत्र आलं. वर संस्थेचा शिक्का, खाली त्याच सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ चा हवाला, मध्ये आमच्या माणसाचं नाव आणि ‘दरमहा पगारातून कपात करून संस्थेकडे भरणा करावा’ एवढीच ओळ. सोबत संमतिपत्राची झेरॉक्स, त्यावर त्याचीच सही. तो म्हणाला, ‘अहो, मी त्यातला रुपाया बघितला नाही की! आधी त्याला धरा म्हणावं.’

तसं म्हणता येत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्था आधी कुणाकडे जायचं ते स्वतः ठरवते, आणि ती अर्थातच ज्याचा पगार ठरलेला आहे त्याच्याकडे जाते. जामीनदारानं भरलेले पैसे त्याला मूळ कर्जदाराकडून वसूल करता येतात, पण साडूवर दावा लावायचा म्हणजे घरात दोन बहिणींचं बोलणं बंद करायचं. त्यानं लावला नाही. दुसऱ्याच्या कर्जावर सही करण्याआधी त्या कर्जाचा हप्ता आपल्या मजुरीतून गेला तर घर चालेल का, एवढा एकच हिशेब करा. चालत नसेल तर सरळ नाही म्हणा. आधीचा रुसवा परवडतो. शिवाय जामीन दिलेलं कर्ज तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्येही दिसू शकतं आणि उद्या स्वतःला कर्ज हवं असेल तेव्हा आडवं येतं.

तीन वर्षांचा मुद्दा लवकर उरकतो. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, हे खरं. पण ती मुदत दावा लावण्याची असते. तिच्या आत दावा लागला आणि कोर्टाचा हुकूमनामा झाला की त्याच्या अंमलबजावणीला १२ वर्षं मिळतात. मधल्या काळात तुम्ही पाचशे रुपये भरले आणि त्याची लेखी नोंद राहिली, किंवा ‘देणं मान्य आहे’ असं लिहून दिलं, तर तीन वर्षं नव्यानं मोजायची. वसुलीवाला ‘सध्या थोडे तरी भरा’ म्हणतो त्यात हाही हिशेब असतो. फोन न उचलता कुठल्या बँकेला तीन वर्षं झोपवता येतं, असं मला तरी दिसलेलं नाही.

सेटलमेंट होते, निम्म्यातसुद्धा होते. पण मग रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ पडतं आणि पुढची बँक त्याचा अर्थ ‘यानं पूर्ण पैसे दिले नाहीत’ असाच घेते. क्रेडिट माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायची असा कायदाच आहे. दोन महिन्यांत साफ होण्याचा प्रश्न येत नाही. नवी पेठेत, सात रस्त्याला ‘सिबिल क्लीन करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर समजून जा. चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. चारही क्रेडिट कंपन्या, म्हणजे सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. बरोबर असलेली वाईट नोंद मात्र कुणीही पुसत नाही. सेटलमेंट झाली असेल आणि पुढे पैसे आले तर उरलेली रक्कम भरा, ‘नो ड्यूज’ घ्या आणि नोंद बदलायला सांगा. मार्ग तेवढाच.

राहिल्या लिंका. रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम स्पष्ट आहेत: कर्जाची रक्कम थेट तुमच्या खात्यात यायला हवी, ॲपनं फोनमधले नंबर, कॉलची यादी, फोटो याला हात लावायचा नाही, आणि कर्ज घेतल्यावर निदान एक दिवस असा द्यायचा की मुद्दल आणि तेवढ्या काळाचं व्याज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येईल. मान्यताप्राप्त संस्थांनी कळवलेल्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. ॲप त्यात नाही, पण कॉन्टॅक्ट मात्र मागतंय, किंवा कर्ज मंजूर करायला आधी ‘फी’ भरा म्हणतंय, तर पुढं जाऊच नका.

कर्ज घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. दवाखाना थांबत नाही. पण पर्सनल लोन हा शेवटून पहिला पर्याय आहे. एफडी असेल तर ती न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्तीनं. पीएफमधून ठरावीक कारणांसाठी पैसे काढता येतात. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण पर्सनल लोनपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं; अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायला १ एप्रिल २०२६ पासून मुभा आहे. अर्थात मिळते म्हणून सगळी उचलू नये, सोनं सोडवायचंही असतं. विडी कामगार बायकांच्या गटकर्जांना एक नियम लागू आहे जो वसुलीच्या मीटिंगमध्ये कुणी सांगत नाही: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरावर सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तिसऱ्या कंपनीचं कर्ज गळ्यात मारणाऱ्याला हे विचारा. आणि नगावर मजुरी असणाऱ्यांनी हप्ता ठरवताना सुगीचा महिना धरू नये. मागणी नसल्यानं लूम बंद राहिले तो महिना धरावा.

हप्ता खरोखर अडलाच तर फोन बंद करण्याऐवजी चुकण्याआधी लेखी अर्ज द्या: कारण, उत्पन्नाचा कागद आणि किती भरता येईल ते. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. हो, अशा पत्रानं तीन वर्षांची मुदत नव्यानं सुरू होते, पण ज्याला फेडायचंय त्याचं त्यात काही बिघडत नाही. थकल्यावर बँकेला दंडशुल्क लावता येतं, मात्र ते मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावता येत नाही. खातेउतारा मागून तेवढं तपासा. बँकेनं किंवा वित्त कंपनीनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पतसंस्थेबद्दल असेल तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात लेखी द्या. सावकारीच्या तक्रारीही तिथंच घेतात, त्यामुळे शंभर दिवसांच्या वहीवाल्याचं काम त्याच फेरीत उरकतं.