'निवडा' दिसलं की कॉम्बिनेशन? इथेच गुण जातात

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर एक 'ट्रिक' फिरत असते: प्रश्नात 'मांडणी' असेल तर परम्युटेशन (वेगवेगळ्या गोष्टी घेताना क्रमही मोजणं), 'निवड' असेल तर कॉम्बिनेशन (क्रम न मोजता नुसती निवड), नंबरचं कुलूप म्हणजे परम्युटेशनच, आणि फासे एकदम टाकले तर क्रम विसरा. चारही चूक.

आधी शब्द. 10 सभासदांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार 'निवडायचे' तर 10×9×8 = 720 प्रकार. नुसते तीन सदस्य निवडायचे तर 720 ला 6 ने भागून 120, कारण त्याच तिघांत ही पदं सहा प्रकारे वाटता येतात. क्रियापद तेच. उलट, 5 भगव्या आणि 3 पांढऱ्या पताका ओळीत 'मांडायच्या' असतील, तर आठांपैकी पांढऱ्यांच्या तीन जागा ठरल्या की झालं: 56. मांडणी खरी, पण सूत्र कॉम्बिनेशनचं. शब्दांच्या मागे लागण्यापेक्षा दोन गोष्टींची अदलाबदल करून पाहा. निकाल बदलला तरच क्रम मोजा.

कबड्डीला 14 जणांचे सात-सातचे दोन संघ पाडायचे तर बरेच जण 14 मधून 7 निवडण्याचे प्रकार, म्हणजे 3432, लिहून मोकळे होतात. दोन्ही गट आपसात बदलले तरी संघ तेच, म्हणून उत्तर 1716. एका संघाला लाल जर्सी ठरली, की मात्र पुन्हा 3432.

बॅगेच्या तीन चाकांच्या कुलपाला परम्युटेशन लावलं तर 10×9×8 = 720 येतात. पण 000 हा आकडा त्यात बसतच नाही! अंक पुन्हा येऊ शकतात, म्हणून 10×10×10 = 1000.

फाशांची चूक जुनी आहे. दोन फाशांची बेरीज 11 आणि 12 पडण्याची शक्यता सारखीच, असं खुद्द जर्मन गणितज्ञ लायब्निट्झनेही मानलं होतं. 11 मात्र 5-6 आणि 6-5 असं दोनदा येतं, 12 एकदाच. क्रम सोडला तर 36 ऐवजी 21 जोड्या उरतात, पण त्या समशक्य (सारख्याच शक्यतेच्या) नसतात. त्या धरून बेरीज 7 ची संभाव्यता 3/21, म्हणजे 1/7 येते. खरी 6/36, म्हणजे 1/6. फासे एकदम टाका नाहीतर एकामागून एक, फरक शून्य.

पत्त्यांत तोच पत्ता दोनदा येत नाही, त्यामुळे प्रत्येक जोडीचे क्रम बरोबर दोनच. म्हणून 52 पत्त्यांतून काढलेले दोन्ही पत्ते एक्के असण्याची संभाव्यता क्रम न मोजता 6/1326 लिहा किंवा क्रम मोजून 12/2652, दोन्ही 1/221. गडबड होते ती अंशात 6 आणि छेदात 2652 ठेवल्यावर: उत्तर थेट निम्मं, 1/442.